आधी खोली कुणाच्या नावावर आहे ते पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी कादंबऱ्यांतल्या एकाकी माणसांवर आलेला लेख वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातल्या एका गृहीतकाबद्दल जरा विस्ताराने लिहीत आहोत. एकटेपणा हा जपानी माणसाचा पिंडच आहे. पाऊस, चहा, मांजर आणि शांत गल्ली एवढ्यावर तो समाधानी असतो, असा लेखाचा सूर होता. इंग्रजीतून आपल्याकडे येणाऱ्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवरही हेच छापलेले असते, त्यामुळे दोष एकट्या लेखाचा नाही. पण ज्या कादंबऱ्यांची नावे लेखात आली त्या सावकाश वाचल्या तर त्यांतल्या माणसांना जागा नाही हे अगदी शब्दशः खरे असल्याचे दिसते. भाड्याची खोली नाही, किंवा आहे ती सुटणार आहे. काम आहे, पण लोक त्याला नोकरी मानत नाहीत. घराने नाव टाकले आहे. शाळेत बाक आहे, पण त्यावर जाऊन बसण्याची छाती होत नाही. लेखकांनी हे सगळे आणे-पैसह लिहून ठेवले आहे आणि आपण मात्र नुसता उदास सूर टिपून पुस्तक मिटतो.

पुण्यात जपानी शिकवणारे आणि वाचणारे आम्ही काही जण वाचनकट्ट्यांना एक साधी रीत सुचवतो. वहीच्या पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात, हा माणूस रात्री झोपतो कुठे. दुसऱ्यात, त्या जागेचे भाडे कोण भरतो. तिसऱ्यात, तिथून त्याला कोण उठवू शकतो आणि किती दिवसांच्या सूचनेवर. चौथ्यात, ‘सध्या काय करतेस?’ किंवा ‘सध्या काय करतोस?’ हे त्याला कोण विचारतो आणि तो काय सांगून वेळ मारून नेतो. पुस्तक वाचता वाचता पान क्रमांकासह नोंदी करायच्या. या जातीच्या बहुतेक कादंबऱ्यांत पहिल्या तीस-चाळीस पानांतच चारही रकान्यांत काही ना काही पडते, आणि एखादा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला तर तो का राहिला यावर कट्ट्यात तासभर चांगली चर्चा होते.

त्यासाठी जपानी घरभाड्याची थोडी माहिती हवी. खोलीचे माप तातामी चटयांत सांगतात. एक तातामी साधारण ९० बाय १८० सेंटिमीटरची, म्हणजे सहा तातामींची खोली आपल्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीएवढी आणि साडेचार तातामींची जेमतेम ७८ चौरस फुटांची. खोली घेताना अनामत भरावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी घरमालकाला ‘रेइकिन’ म्हणून एक-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. आणि जामीन राहणारा माणूस लागतो, तो बहुधा नात्यातला. ज्याचे आईवडील गेले, ज्याला घरच्यांनी तोडले किंवा जो साठीच्या पुढे एकटा आहे, तो इथेच अडकतो. अलीकडे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत, पण कादंबरीतल्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याही आधी सुरू झालेला असतो.

बनाना योशिमोतो यांच्या ‘किचन’ची (१९८८) सुरुवात आता पुन्हा वाचून पाहा. आजी वारल्यावर मिकागे स्वयंपाकघरात फ्रिजच्या कुशीला अंथरूण टाकून झोपते. हे दृश्य ‘हळवे’ म्हणून सांगितले जाते, आणि ते हळवे आहेच. पण आजीबरोबर राहायचे ते घर एकटीला परवडणारे नाही, सोडावे लागणार आहे, नवी खोली शोधायची आहे आणि तिच्यामागे एकही वडीलधारे माणूस उरलेले नाही, हे त्याच पानांत आहे. युइची तिला आपल्या घरी राहायला ये म्हणतो तेव्हा कादंबरी हलू लागते. भाड्याचा रकाना भरला की त्या आमंत्रणाचे वजन कळते.

सगळ्यात जास्त गैरसमज मात्र सायाका मुराता यांच्या ‘कोनबिनी निंगेन’बद्दल आहे. इंग्रजीत ती ‘कन्व्हीनियन्स स्टोअर वूमन’ नावाने मिळते. ती ‘बुंगाकुकाई’ या मासिकाच्या जून २०१६च्या अंकात आली आणि त्याच वर्षी तिला आकुतागावा हे जपानमधले साहित्य-पारितोषिक मिळाले. छत्तीस वर्षांची केइको फुरुकुरा अठरा वर्षे एकाच दुकानात तासावारी काम करते. दुकानाचा मॅनेजर आता आठवा आहे, ती मात्र तीच. आपल्या लेखात तिला ‘शहरातली एकाकी स्त्री’ म्हटले होते. वस्तुतः त्या दुकानात ती मुळीच एकाकी नाही. पहिल्याच प्रसंगात गिऱ्हाइकाच्या खिशातली नाणी खुळखुळतात आणि तिला लगेच समजते की याला सिगारेट किंवा वर्तमानपत्र एवढेच हवे आहे, हा झटकन पैसे देऊन जाणार. तिचे पाय आपोआप गल्ल्याकडे वळतात. हवा तापली की थंड पेये पुढे आणायची, सकाळी कोणत्या वेळेला भाताच्या ओनिगिरींवर गर्दी पडते, हे तिच्या अंगात भिनले आहे. कोणते कपडे घालायचे, वाक्याचा शेवट कोणत्या सुरात करायचा, हेही ती बरोबरच्या बायकांकडून उचलते. इझुमी नावाच्या सहकारिणीच्या बुटांचे लेबल ती मागच्या खोलीत हळूच वाचून ठेवते, म्हणजे त्या वयाच्या बाईने कुठून खरेदी करायची ते कळते. चाकोरीबाहेरच्या माणसाला बाकीच्यांत बसण्यासाठी रोज किती बारीक कष्ट पडतात, हे इतक्या नेमकेपणाने आम्ही फार थोड्या पुस्तकांत वाचले आहे.

तिच्या वहीत चौथा रकाना भरून वाहतो. लहानपणापासून ‘ही अशी कशी’ म्हणणारे घर आहे, लग्न झालेल्या मैत्रिणी आहेत, त्यांचे नवरे आहेत. धाकट्या बहिणीने तिला दोन सबबी घालून दिल्या आहेत. मैत्रिणींना सांगायचे की प्रकृती नाजूक आहे, आणि दुकानात सांगायचे की आईवडिलांचे दुखणे आहे. छत्तीस वर्षांच्या बाईने तासावारी काम का करावे याचे उत्तर म्हणून हे पुरे होते, पण वय वाढेल तसे पुरेनासे होते. इथे जपानी नोकरभरती समजून घ्यायला हवी. मोठ्या कंपन्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलांना एकाच हंगामात निवडतात आणि एप्रिलमध्ये सगळे एकदम रुजू होतात. तो एक हंगाम चुकला की पुढे कायम नोकरीचे दार पुन्हा उघडणे कठीण. १९९३ ते २००५च्या सुमारास हा हंगाम फारच कोरडा गेला आणि त्या काळात बाहेर पडलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. आजही जपानमधल्या पगारदारांपैकी सुमारे ३७ टक्के कायम नोकरीत नाहीत. केइकोने दुकान स्वतःहून निवडले आहे, पण तिला विचारला जाणारा प्रश्न या व्यवस्थेतून येतो.

मग शिराहा नावाचा, भाडे थकलेला, कुरकुऱ्या पुरुष तिच्या घरी येऊन राहतो. राहतो कुठे, तर बाथरूममध्ये, कोरड्या टबात. तरीही ‘तिच्या घरी पुरुष आहे’ एवढे कळताच सगळे जण सुटकेचा श्वास टाकतात. दुकानातला तो प्रसंग दोनदा वाचावा. चिकनच्या काड्यांवर सवलत जाहीर झालेली आहे, विक्रीचा आकडा गाठायचा आहे, आणि मॅनेजरसकट सगळे काम टाकून तिच्या खासगी गोष्टी खोदून विचारत बसतात. केइको हादरते ती इथे. तिची एकमेव जागा, जिथे प्रत्येक जण फक्त दुकानाचा माणूस होता, तीच तिच्या पायाखालून सरकते. तिच्याकडे जागा होती, ती जागा इतरांनी मान्य केली नाही, असे हे पुस्तक आहे. मलपृष्ठावर ‘विनोदी’ छापलेले पाहून कट्टा हसत हसत वाचत जातो आणि या प्रसंगावरून तसाच पुढे निघून जातो, हा आमचा वारंवारचा अनुभव आहे.

मराठी वाचकाने याच्या बरोबरीने एक जुनी कादंबरी घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगू. तोसोन शिमाझाकी यांची ‘हाकाई’, १९०६ची. इंग्रजीत ‘द ब्रोकन कमांडमेंट’. उशिमात्सु सेगावा हा शाळामास्तर बुराकु समाजातला, म्हणजे जनावरांचे कातडे, कत्तल असली ‘अपवित्र’ मानलेली कामे ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या लादली गेली त्यांच्यातला. १८७१च्या हुकुमाने हे भेद कायद्याने संपले, पण १८७२मध्ये घरोघरची नोंद झाली तेव्हा कितीतरी नोंदींत जुना दर्जा खुणेने राहूनच गेला. त्या नोंदवह्या सर्वसामान्यांना पाहण्यास बंद झाल्या त्या थेट १९६८मध्ये. ‘जात कुणाला सांगू नकोस’ ही उशिमात्सुच्या बापाची आज्ञा, आणि ती मोडण्याची ही कथा. पण तिची सुरुवात पाहा: भाड्याच्या खोलीपासून. ईयामा गावातल्या ज्या खाणावळवजा घरात तो राहतो, तिथे ओहिनाता नावाचा एक श्रीमंत माणूस औषधोपचारासाठी उतरलेला असतो. त्याची जात फुटते, बाकीचे भाडेकरू ‘विटाळ, विटाळ’ म्हणून ओरडा करतात आणि पैसेवाल्या, आजारी माणसाला तिथून काढले जाते. उशिमात्सु हे पाहतो आणि घाईघाईने रेंगेजी या मंदिरातली खोली घेतो. त्याची जात अजून कुणाला ठाऊक नाही, पण आपली पाळी कशी येईल हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

१९१७मध्ये बडोद्यात पारशी सराईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाहेर काढले गेले, तो प्रसंग ज्याने वाचला आहे त्याला ‘हाकाई’चे पहिले प्रकरण कुणी समजावून सांगायला नको. जपानी एकाकीपणाच्या यादीत हे पुस्तक जवळजवळ कधीच नसते, कारण ते ‘सामाजिक’ म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवले जाते. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. मराठी वाचकाला जपानी साहित्यात शिरायला याहून जवळची वाट सापडणार नाही.

नात्सुमे सोसेकी यांच्या ‘कोकोरो’ या कादंबरीबद्दल (१९१४) थोडक्यात. तिच्यातल्या ‘सेनसेई’चे एकटेपण नव्या युगाचे म्हणून सांगितले जाते; पण आईवडिलांच्या मागे काकाने इस्टेट गिळली आणि तो गावाला कायमचा पारखा झाला, हा त्याचा आरंभ आहे. त्याचा ‘के’ नावाचा मित्र तर मंदिरात जन्मलेला, वैद्याच्या घरी दत्तक दिलेला. दत्तक घराने वैद्यकी शिकायला पाठवले, तो भलतेच शिकला, आणि शेवटी दोन्ही घरांची दारे त्याला बंद झाली. के ज्या खोलीत मरतो ती खोलीही मित्राने आपल्या बिऱ्हाडाला लागून मिळवून दिलेली आहे. तिसरा रकाना इथे भरतो.

आता यू मिरी यांची ‘जेआर उएनो-एकी कोएन-गुची’ ही २०१४ची कादंबरी. मॉर्गन जाइल्स यांनी केलेल्या ‘टोकियो उएनो स्टेशन’ या इंग्रजी अनुवादाला २०२०चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. यू मिरी जपानमध्ये जन्मल्या, जपानीत लिहितात आणि नागरिकत्वाने दक्षिण कोरियाच्या आहेत. जपानमधल्या कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व १९५२मध्ये एका फटक्यात गेले आणि तिथे जन्मल्याने ते आपोआप मिळत नाही, हे माहीत असले की ‘जागा’ या विषयावर त्या इतक्या ठामपणे का लिहितात ते उमगते. २०१५मध्ये त्या फुकुशिमातल्या मिनामीसोमाला राहायला गेल्या आणि २०१८मध्ये तिथे ओदाका भागात त्यांनी पुस्तकांचे दुकान काढले.

कादंबरीतला काझु १९३३चा, त्याच वर्षी जन्मलेल्या सम्राट अकिहितोंच्या वयाचा. त्याचा मुलगा २३ फेब्रुवारी १९६०चा, म्हणजे आजचे सम्राट नारुहितो जन्मले त्याच दिवसाचा. १९६३मध्ये काझु फुकुशिमातल्या सोमाहून टोकियोला मजुरीला येतो. पुढच्याच वर्षी तिथे ऑलिंपिक असते आणि मैदाने, रस्ते उभारायला माणसे हवी असतात. पैसे घरी पाठवायचे आणि आपण बाहेर राहायचे, यात त्याची उमर जाते. लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोसोबत काढलेले दिवस एकत्र केले तर वर्षही भरत नाही. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरात वाढलेल्या वाचकाला हा हिशोब तोंडपाठ असेल. मुलगा एकविसाव्या वर्षी झोपेतच जातो, पुढे बायकोही. सांभाळायला आलेल्या तरुण नातीवर आपले ओझे नको म्हणून काझु चिठ्ठी ठेवून निघतो आणि उएनो उद्यानात निळ्या ताडपत्रीच्या झोपडीत राहू लागतो. उएनो हे ईशान्येकडून येणाऱ्या गाड्यांचे शेवटचे स्थानक होते. गावाकडचा मजूर उतरायचा तो तिथेच.

या पुस्तकात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘यामागारी’. राजघराण्यातले कुणी उद्यानातल्या संग्रहालयाला किंवा समारंभाला येणार असले की झोपड्यांवर कागद लागतो: अमुक तारखेला विशेष साफसफाई आहे, अमुक वाजेपर्यंत सामान हलवा, तमुक वाजेपर्यंत परत फिरकू नका. कारण लिहिलेले नसते. मग पाऊस असो की थंडी, लोक पुठ्ठे, ताडपत्री, भांडी सोडवून बांधतात, दिवसभर रस्त्यावर काढतात, परत येऊन पुन्हा उभारतात. यू मिरींनी त्या सूचनेचा मजकूर कादंबरीत जसाच्या तसा सूचनेच्या थाटात दिला आहे. इंग्रजी वाचणारे बरेच जण तो कंटाळवाणा म्हणून ओलांडतात. तो ओलांडू नये. तिसऱ्या रकान्यात लिहायला इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. हे उद्यान १९२४मध्ये सम्राटांनी शहराला बहाल केले, त्याच्या अधिकृत नावातच ‘राजकृपेने मिळालेले’ असा अर्थ आहे, हेही लक्षात ठेवून वाचावे.

अजून एक धागा सहसा निसटतो. काझुचे घराणे सोमातही बाहेरचेच. त्याचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी कागा प्रांताकडून जोदो शिन्शु हा बौद्ध पंथ घेऊन तिथे आले, आणि गाव त्यांना अजून ‘कागावाले’ म्हणून हिणवते. म्हणजे ‘शहराने माणूस तोडला, गावात तो सुखी होता’ अशी सोपी मांडणी लेखिकेने आधीच मोडून ठेवली आहे.

कोबो आबे यांच्या ‘हाको ओतोको’ (१९७३, इंग्रजीत ‘द बॉक्स मॅन’) या कादंबरीत तर घर बनवण्याची कृतीच आहे. सामान असे: एक रिकामे कोरुगेटेड खोके, साधारण मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास उंच, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा सुमारे पन्नास सेंटिमीटरचा चौकोन, पाणी न लागणारी चिकटपट्टी सात-आठ मीटर, तार दोनेक मीटर, एक टोकदार चाकू. खोके डोक्यावरून कमरेपर्यंत उतरते. समोर खिडकी कापून तिथे ते प्लास्टिक लावायचे आणि त्याला मधोमध उभा छेद द्यायचा. सरळ उभे राहिले की छेद मिटलेला असतो, बाहेरच्याला आत काही दिसत नाही. खोके किंचित कलले की फट उघडते आणि आतला बाहेर पाहू शकतो. सगळी कादंबरी या फटीवर उभी आहे: पाहायचे, पण पाहिले जायचे नाही. पत्ता, नाव, रेशन, ओळख सगळे टाकल्यावर उरणारी जागा किती, याचे माप लेखकाने दिले आहे. कथानक पुढे मुद्दाम गुंतागुंतीचे होते, निवेदक कोण हेच बदलत राहते आणि पन्नास पानांनंतर बरेच वाचक गळतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की प्रत्येक प्रकरणाच्या कडेला ‘आत्ता खोक्यात कोण आहे’ ते पेन्सिलीने लिहीत जा. दोन ठिकाणी उत्तर सापडणार नाही, ते लेखकालाही हवेच आहे.

आणि दाझाई. आपल्या लेखात वाचनाची सुरुवात त्यांच्या ‘निंगेन शिक्काकु’पासून (इंग्रजीत ‘नो लाँगर ह्यूमन’) करावी असे सुचवले होते, त्याला मात्र आमचा विरोध आहे. ओसामु दाझाई यांच्यावरून एक पात्र बेतलेली ॲनिमे मालिका पाहून कॉलेजातली बरीच मुले हल्ली या पुस्तकाकडे येतात, ‘नो लाँगर ह्यूमन’ एका बैठकीत संपवतात आणि ‘हा मीच’ म्हणतात. १९४८च्या या पुस्तकात दोन गोष्टी नेहमी हुकतात. पहिली, रचना. ओबा योझोच्या तीन वह्यांना एका अनामिक माणसाची प्रस्तावना आणि समारोप आहे. प्रस्तावनेत तो योझोची तीन छायाचित्रे पाहून वर्णन करतो, आणि समारोपात योझोला ओळखणारी एक बाई त्याच्याबद्दल जे बोलते ते वह्यांमधल्या योझोशी अजिबात जुळत नाही. वह्याच तेवढ्या खऱ्या मानल्या तर लेखकाने उभारलेली ही चौकट वाया जाते. दुसरी, दाझाईंनी त्याच वर्षी जूनमध्ये तामागावा कालव्यात जीव दिला, त्यामुळे पुस्तक म्हणजे त्यांची शेवटची चिठ्ठी असे समजून वाचले जाते. लेखकाच्या आयुष्यावरून कथा लिहिण्याची जपानमध्ये मोठी परंपरा आहे, पण दाझाई त्या परंपरेशी खेळणारे कारागीर होते. त्याच काळातल्या त्यांच्या इतर कथांमध्ये खट्याळ, प्रसन्न निवेदकही भेटतात. मन आधीच खचलेल्या तरुण वाचकाच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नये. कट्ट्यात, कुणा जाणत्याबरोबर द्यावे, हे आम्ही गांभीर्याने सांगत आहोत.

रकाने योझोलाही लागू पडतात. तो धनिकाचा मुलगा आहे, घरून पैसे येतात तोवर चालते, ते थांबले की तो एकापाठोपाठ एका बाईच्या घरी राहतो. शेवटी इस्पितळातून सुटल्यावर थोरला भाऊ त्याला दूर किनाऱ्याजवळच्या एका पडक्या घरात, एका म्हाताऱ्या मोलकरणीच्या हवाली करतो. मराठी वाचकाला इथे ‘कोसला’ आठवणार. पांडुरंग सांगवीकरही सगळ्यांत असून कशातच नाही. पण तो परततो तेव्हा सांगवीत घर, शेत, वडील, गल्लीतली माणसे असतात. ते सगळे त्याला नकोसे आहे हा भाग वेगळा. योझोला परतायला गाव देण्याचेच घरच्यांनी टाळले आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही जास्त कळतात.

मग क्रम काय लावावा? दीड-दोन तासांच्या सहा बैठका धरल्या तर आम्ही ‘कोनबिनी निंगेन’ एका बैठकीत, ‘हाकाई’ दोन, ‘उएनो’ दोन आणि ‘निंगेन शिक्काकु’ शेवटची असा क्रम लावू. आकुतागावा पारितोषिक मुख्यतः मासिकांत छापून आलेल्या लघु आणि मध्यम लांबीच्या लेखनाला मिळते, म्हणून मुरातांचे पुस्तक दीडशे पानांच्या घरात संपते. ‘हाकाई’ जाड आहे, तिला घाई चालत नाही. शाळेच्या वाचनालयासाठी मिझुकी त्सुजिमुरा यांची ‘कागामी नो कोजो’ (२०१७) घ्यावी. शाळेत न जाणारी सात मुले आरशातून एका किल्ल्यात पोहोचतात. किल्ला उघडा असतो सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाचनंतर थांबले तर लांडगा खातो. नऊ ते पाच ही शाळा-कार्यालयाचीच वेळ आहे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे आजार किंवा गरिबी सोडून अन्य कारणाने वर्षात ३० दिवस किंवा जास्त गैरहजर राहिलेली प्राथमिक व माध्यमिक शाळांतली मुले २०२३ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ४६ हजारांवर होती.

अशा आकड्यांबद्दल एक विनंती. लेखात ‘हिकिकोमोरी’ म्हणजे खोलीत कोंडून घेतलेल्यांचा उल्लेख आला, पण तो या कादंबऱ्यांच्या पात्रांना सरसकट लावला गेला. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०२३मध्ये १५ ते ६४ वयाच्या अशा लोकांचा अंदाज सुमारे १४ लाख ६० हजार दिला. तिथे २०२१पासून एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री आहे आणि १ एप्रिल २०२४पासून त्यासाठी कायदा लागू झाला आहे. हे सगळे वाचकाला जरूर सांगावे. पण केइको रोज कामावर जाते, काझुने आयुष्यभर फावडे मारले, उशिमात्सु शिकवतो. त्यांना त्या आकड्यात बसवले की पुस्तकाचा विषयच हातातून जातो.

शेवटी मराठी प्रकाशकांसाठी एक गोष्ट, कारण ती फारशी बोलली जात नाही. दाझाई १९४८मध्ये गेले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो, म्हणजे २००८ संपताच तो संपला. जपानमध्ये तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने त्याआधीच संपला होता. सोसेकी (मृत्यू १९१६) आणि तोसोन (मृत्यू १९४३) यांचेही तसेच. त्यांच्या जपानी मूळ लेखनावरून मराठी अनुवाद करायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र डोनाल्ड कीन यांच्या १९५८च्या इंग्रजी अनुवादावरून ‘निंगेन शिक्काकु’ मराठीत आणायची तर त्या इंग्रजी अनुवादाचे हक्क वेगळे आहेत, ते घ्यावेच लागतील. म्हणजे थेट जपानीतून करणे दर्जाच्या दृष्टीने बरे आणि खर्चाच्या दृष्टीनेही सोपे. आबे १९९३मध्ये गेले, मुराता, यू, त्सुजिमुरा, योशिमोतो हयात आहेत. तिथे हक्क रीतसर विकत घ्यावे लागतात. त्यासाठी जपान फाउंडेशन परदेशी प्रकाशकांना अनुवाद-प्रकाशनासाठी अर्थसाहाय्य देते, अर्ज प्रकाशकाने करायचा असतो.

पुण्यात जपानी जाणणारी माणसे कमी नाहीत. ती बहुतेक कंपन्यांच्या कामात गढलेली आहेत, पण वर्षाला एक पुस्तक जोडीने करणे त्यांना अशक्य नाही. जोडीत एकाचे जपानी पक्के हवे आणि दुसऱ्याचे मराठी. ज्यांना आजच हात घालून पाहायचा आहे त्यांच्यासाठी दाझाई, सोसेकी आणि तोसोन या तिघांचेही लेखन ‘आओझोरा बुन्को’ या जपानी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिथे काही कृतींच्या दोन-दोन प्रती असतात, जुन्या लेखनपद्धतीची आणि नव्या. शिकाऊ अनुवादकाने नव्या लेखनपद्धतीची उघडावी, कारण जुन्या प्रतीतल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, आजच्या शब्दकोशात शोधताना निम्मा वेळ तिथेच जातो.

आपले,
जपानी साहित्याचे काही वाचक, पुणे